‘अवर’ म्हणजे कुणाचं?

दादाचा मेसेज रात्री अकराला आला. तो बोलतो मराठीत, टाइप करतो इंग्रजीत. ‘वी शुड डिसाइड अबाउट अवर हाउस.’ बाबांना जाऊन चार महिने झाले होते. मी ‘अवर’वरच अडकले.

मी आठवी-नववीच्या शिकवण्या घेते, इंग्रजीच्या. त्या आठवड्यात नेमकं ‘माय’ आणि ‘माइन’ चाललं होतं. आपल्याकडे ‘हे माझं पुस्तक’ म्हणा नाहीतर ‘हे पुस्तक माझं’, शब्द तोच. इंग्रजीत पुढे नाम असेल तर ‘माय’, एकट्याने उभं राहायचं तर ‘माइन’. ‘इट्स’चा तर निराळाच वैताग. डोक्यावर तो स्वल्पविराम दिला की ‘इट इज’, नाही दिला की ‘त्याचं’. गंमत म्हणजे हा ‘इट्स’ सोळाव्या शतकाच्या अखेरीस आला. त्याआधी वस्तूंनाही बहुधा ‘हिज’च लावत. आणि आल्यावरही बराच काळ छापील पुस्तकांत तो खुशाल स्वल्पविरामासकट वावरायचा. हे ऐकून माझ्या वर्गाला फार बरं वाटतं.

मला विचाराल तर आपला ‘तिचा’ जास्त हुशार. ‘ति’ सांगते मालकीण कोण, ‘चा’ सांगतो मालकीचं काय. तिचा भाऊ, त्याची बहीण. इंग्रजीतले ‘हिज’ आणि ‘हर’ फक्त मालकाकडे बघतात. पुढे भाऊ आहे की बहीण, त्यांना देणंघेणं नाही. आणि तिथे मालक लागतोच. आपण नुसतं ‘हात धू’ म्हणतो, ते ‘वॉश युअर हँड्स’ म्हणणार.

पण ‘अवर’मध्ये ही भाषा हातचं राखते. मराठीत ‘आपलं’ म्हटलं की ऐकणारा आत, ‘आमचं’ म्हटलं की तो उंबऱ्याबाहेर. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला वहिनी मला म्हणाली होती, ‘आमच्याकडे फराळाला या हं.’ प्रेमानेच म्हणाली होती. ज्या स्वयंपाकघरात मी चकल्या पाडायला शिकले, तिथे बोलावत होती.

आई आधीच गेलेली. घर बाबांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेलं, मृत्युपत्र नाही. कायद्याने निम्मं निम्मं, हे दोघांनाही माहीत. प्रश्न तो नव्हताच. दादाच्या मनात कुठला शब्द होता, एवढंच मला हवं होतं.

सकाळी फोन लावला. म्हटलं, मराठीत आला की दोन्हींतला एक उचलावाच लागेल.

‘काय गं, मेसेज बघितलास ना? घराचं काय करायचं?’

नुसतं ‘घराचं’. शिकवण्या घेऊनही मी विसरले होते, मराठीत मालक गाळता येतो.

‘कुणाच्या घराचं, दादा?’

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. वहिनीने काहीतरी विचारलं, त्याने ‘थांब’ म्हटलं.

‘असं काय विचारतेस?’

तरीही तो शब्द आला नाही. मी फोन तसाच कानाला लावून थांबले.