मांडवा ते राजपुरी: पाण्याच्या मागावर

मांडव्याहून राजपुरीची खाडी समुद्रमार्गे साठेक किलोमीटर. मित्राने जुन्यात घेतलेली सव्वीस फुटी फायबरची बोट तिकडे न्यायची होती. पोटात एकच डिझेल इंजिन, मागे शाफ्ट, शाफ्टच्या टोकाला पंखा. ताशी बारा-तेरा किलोमीटरने जाणारी, किनारा बघत बघत जावं अशी ही बोट. पावसाळाभर ती शेडमध्ये होती, दिवाळीनंतर पाण्यात उतरली. सुकाणूवर थळचे एक नाखवा होते. त्यांचा सगळा जन्म मासेमारीत गेलेला, आणि आता ते लोकांच्या बोटी इकडून तिकडे पोचवून देतात.

निघायच्या आधी नाखवांनी इंजिनावरचं झाकण उघडलं आणि बोटीच्या तळातल्या खळग्यात, म्हणजे बिल्जमध्ये, हात घातला. तळहाताएवढं पाणी होतं. त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं. "खारं," ते म्हणाले, आणि मित्राकडे वळले, "दादा, पंप आपोआप चालतो काय?" चालत होता. पाणी ठराविक पातळीला आलं की तरंगता स्विच पंप सुरू करतो आणि पाणी बाहेर फेकतो. ही सोय चांगलीच आहे, पण गळती लपवण्यातही तिच्याइतकं पटाईत कोणी नाही. पंप दिवसातून किती वेळा लागतो हे पाहिलं नाही, तर बोट कोरडी आहे असंच वाटत राहतं, आणि एखाद्या दिवशी बॅटरी उतरली की खरी पातळी कळते.

चव घेण्यामागे साधा हिशेब आहे. गोडं पाणी असेल तर ते वरून आलेलं असतं: पाऊस, दव, पिण्याच्या टाकीचा सांधा. हिरवट आणि बुळबुळीत असेल तर इंजिनाचं कूलंट. तसं पाणी मात्र जिभेला लावायचं नाही, कूलंट विषारी असतं. रंग आणि स्पर्श पुरे. खारं असेल तर समुद्र कुठून तरी आत येतोय. पाण्याखाली फूटभर खोल एक इंचाचं भोक पडलं तर मिनिटाला चाळीसेक लिटर पाणी आत येतं. आमच्याकडे तेवढं नव्हतं. नाखवा म्हणाले, रेवदंड्यापर्यंत नजर ठेवू, दर थोड्या वेळाने झाकण उघडू. तसं ठरवून निघालो.

पहाटेचा मतलई वारा अंगावर होता, ओहोटी आमच्याच दिशेने वाहत होती, पाणी तेलासारखं सपाट. रो-रोची मोठी बोट भाऊच्या धक्क्याहून मांडव्याकडे येताना दिसली. या सेवेने २०२० पासून या किनाऱ्याचं अंतर बदलून टाकलं आहे. मुंबईकर गाडीसकट तासाभरात अलिबाग तालुक्यात उतरतो. आम्ही थळच्या खडकांना वळसा घालून खांदेरीकडे निघालो. डोलजाळ्यांचे खुंट आणि बोये चुकवत जावं लागतं, आणि या भागात दुसऱ्या कुणाच्या हातात सुकाणू असण्याची कल्पनाही मला करवत नाही. जाळ्याची दोरी पंख्यात गेली की प्रवास तिथेच संपतो.

खांदेरी समोर स्पष्ट दिसायला लागली तेव्हा नाखवांनी एकदम मान वळवली. "आवाज बदलला." मला काहीच वेगळं ऐकू आलं नव्हतं. तापमानाचा काटा ऐंशीवर, म्हणजे जागेवरच होता. नाखवांनी बोटीच्या मागे वाकून एक्झॉस्टच्या तोंडाकडे बोट दाखवलं. एरवी तिथून धुरासोबत भसाभस पाणी पडतं, ते आता चुळकाभर पडत होतं, त्यात पांढरी वाफ होती आणि आवाज पोकळ, कोरडा झाला होता. दोनेक मिनिटांनी काटा हलायला लागला. नव्वद. त्याच्याही पुढे.

काटा उशिरा का हलला, हे बोटीवर फिरणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. अशा इंजिनात पाण्याची दोन चक्रं असतात. आतलं चक्र कूलंटचं: ते इंजिनाभोवती फिरतं आणि बाहेर कधीच येत नाही. बाहेरचं चक्र समुद्राचं: तळातल्या कॉकमधून पाणी आत येतं, गाळणीतून पंपात जातं, पंपातून कूलरमध्ये. तिथे बारीक नळ्यांतून जाताना ते कूलंटची उष्णता घेतं आणि शेवटी एक्झॉस्टमध्ये मिसळून बाहेर पडतं. समुद्राचं पाणी थेट इंजिनात फिरवलं तर साठ अंशांच्या वर क्षार साचायला लागतात, म्हणून ही दुहेरी रचना. काटा मोजतो ते आतल्या कूलंटचं तापमान. बाहेरचं पाणी थांबल्यावर कूलंट तापायला वेळ लागतो, पण एक्झॉस्ट त्याच क्षणी कोरडा पडतो. आणि बोटीतला एक्झॉस्ट पाइप रबरी असतो, पाणी वाहतं म्हणूनच तो टिकतो. पाणी नसेल तर तो करपतो, आणि मग धूर केबिनमध्ये शिरतो. डोळे काट्यावर खिळवण्यापेक्षा अधूनमधून मागे बघावं, हे नाखवांकडून शिकण्यासारखं आहे.

त्यांनी इंजिन मंद केलं, बोट खांदेरीच्या पूर्वेला आडोशाला घेतली, नांगर टाकला आणि इंजिन बंद केलं. मित्राचा हात कूलंटच्या झाकणाकडे गेला. नाखवांनी तो धरला. "ते आता नाय. आधी निवू दे." तापलेल्या इंजिनाचं हे झाकण दाबाखाली असतं, उघडलं की उकळतं पाणी तोंडावर येतं. गार पाणी ओतणंही तितकंच वाईट, गरम लोखंड तडकू शकतं.

मग समुद्राच्या बाजूने एकेक गोष्ट तपासायला सुरुवात झाली. मला या कामातली हीच शिस्त सगळ्यात आवडते. इंजिन तापलं की लोक थर्मोस्टॅट बदलतात, कूलंट बदलतात, काही जण हेडपर्यंत पोचतात. नाखवा पाणी ज्या क्रमाने जातं त्याच क्रमाने गेले. कॉक बंद करून गाळणीचं झाकण उघडलं: थोडं शेवाळ, एक प्लास्टिकचा तुकडा. साफ केलं. झाकणाचं रबर नीट आहे का पाहिलं, कारण तिथून हवा शिरली तरी पंप पाणी ओढत नाही. मग पुढचा पाइप सोडून कॉक क्षणभर उघडला. पाणी उसळून आत आलं. म्हणजे समुद्रापासून इथपर्यंत वाट मोकळी. अडचण पुढे, पंपात.

पंपाखाली टॉर्च धरली तेव्हा मित्र आणि मी एकमेकांकडे पाहिलं. पंपाच्या पुलीभोवती मिठाचा पांढरा थर होता. पुलीच्या रेषेत बेल्टवर, आल्टरनेटरच्या अंगावर आणि इंजिनाच्या भिंतीवर खाऱ्या तुषारांची नक्षी वाळलेली. गळती जिथे वाहते तिथे मीठ मागे ठेवते, आणि ते मीठ वाचता आलं की गळतीचं तोंड सापडतं. इंजिन चालू असताना पंपातून थेंब पडत होते, फिरती पुली ते उडवत होती आणि ते बिल्जमध्ये साठत होते. जे पाणी इंजिनाला मिळायला हवं होतं त्यातलं काही आम्ही तळातून उपसत होतो. पहाटेचं तळहातभर पाणी आणि आत्ताची वाफ, दोन्हींचा माग एकाच ठिकाणी येत होता.

पंपाचं पितळी झाकण उघडलं. आतल्या रबरी इम्पेलरला सहा पाती असतात. इथे दोन बुडापासून तुटलेली आणि उरलेली चार एका बाजूला वाकून कडक झालेली. पावसाळाभर बोट उभी राहते तेव्हा पाती त्याच वाकलेल्या स्थितीत पडून राहतात, रबर ताठरतं आणि मग चालताना तुटतं. म्हणून बोट काठावर ठेवताना इम्पेलर काढून ठेवणारे लोक शहाणे. नवा इम्पेलर पेटीत होता. नाखवांनी त्याला भांड्याच्या साबणाचं पाणी लावलं (तेल-ग्रीस रबराला मारक), पाती फिरण्याच्या उलट बाजूला झुकतील अशी वळवत तो आत सरकवला आणि झाकण लावलं.

पण काम तिथे संपत नाही. तुटलेली पाती गेली कुठे? ती पाण्याबरोबर पुढेच गेलेली असणार. पंपाच्या पुढच्या पाइपच्या वळणात एक तुकडा मिळाला. दुसरा कूलरमध्ये असणार, आणि हलत्या बोटीत कूलर उघडायची नाखवांची तयारी नव्हती. हे मला पटलं. इंजिन सुरू केलं, एक्झॉस्टमधून पाणी पडलं, पूर्वीइतकं नाही पण पुरेसं. मंद गतीने रेवदंड्याला जायचं ठरलं.

या सगळ्यात खांदेरीकडे बघायला उसंत मिळाली ती नांगर उचलताना. १८६७ सालचं दीपगृह, बुरूज, आणि कोळी बांधवांच्या वेताळाचं देऊळ. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये या बेटावर किल्ला बांधायला घेतला तेव्हा इंग्रज आणि सिद्दी दोघेही आरमार घेऊन आडवे आले, तरी काम थांबलं नाही. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत खांदेरी आहे. तिच्या तटाखालून जाताना नाखवांनी टोपी काढून हात जोडले, आणि मीही जोडले.

दुपारी भरती अर्धी चढलेली असताना कुंडलिकेच्या मुखातून आत शिरलो. उजव्या हाताला कोर्लईचा डोंगर, डाव्या हाताला रेवदंड्याचा पोर्तुगीज तट. शेजारचं चौल हे एके काळी अरबी समुद्रावरचं मोठं बंदर. रशियन व्यापारी अफनासी निकितिन पंधराव्या शतकात इथेच उतरला होता. आमचं लक्ष मात्र धक्क्यावरच्या एका मेस्त्रींकडे होतं.

मेस्त्रींनी पंप बाकावर घेतला आणि खालचं एक बारीक भोक दाखवलं. ते एम-सीलने बुजवलेलं होतं. पूर्वीच्या मालकाच्या काळात कुणीतरी थेंब थांबवण्यासाठी हा उपाय केला होता. पंपाच्या शाफ्टवर दोन सील असतात, एक पाणी अडवणारं आणि एक बेअरिंग जपणारं. मधलं भोक मुद्दाम ठेवलेलं असतं: पाण्याचं सील झिजलं की तिथून थेंब पडावा आणि माणसाला कळावं. भोक बुजवल्यावर खारं पाणी बेअरिंगमधून वाट काढत पुलीपर्यंत आलं. "बोट सांगत होती, तिचं तोंड बंद केलं," मेस्त्री म्हणाले. त्यांच्या आवाजात राग होता, आणि तो रास्त होता. या एका एम-सीलच्या गोळीने बेअरिंग गंजलं, बेल्ट झिजला, आल्टरनेटर खराब होण्याच्या वाटेवर आला. असल्या दुरुस्तीला मी दुरुस्ती म्हणणार नाही. खाऱ्या पाण्यावर माणसं बसलेली असताना तो धोका आहे.

सील आणि बेअरिंग अलिबागहून येईपर्यंत मेस्त्रींनी कूलर उघडला. मधाच्या पोळ्यासारख्या नळ्यांच्या तोंडाशी रबराचं दुसरं पातं आडवं बसलेलं. काही नळ्या पांढऱ्या क्षाराने निम्म्या भरलेल्या. त्यांनी बांबूची कामटी तासली आणि एकेक नळी मोकळी केली. लोखंडी तार वापरली तर तांब्याची नळी आतून खरवडते. कूलरमधली जस्ताची कांडीही त्यांनी काढून दाखवली, बोटभर लांबीची आता पेराएवढी उरली होती. समुद्राच्या पाण्यात वेगवेगळे धातू एकत्र आले की त्यातला एक खाल्ला जातोच. जस्त आधी झिजतं म्हणून तांबं वाचतं. नवी कांडी बसली.

पंप बसवल्यावर बिल्ज स्पंजने आणि फडक्याने कोरडी ठणठणीत केली. प्रत्येक कॉकखाली, प्रत्येक क्लिपखाली, सुकाणूच्या दांड्याशी आणि शाफ्टच्या ग्लँडखाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवली. बोट धक्क्याला बांधून इंजिन गिअरमध्ये चालवलं. बाकी सगळ्या पट्ट्या कोरड्या राहिल्या. ग्लँडखालची भिजली.

ग्लँडने थोडं गळायचंच असतं. शाफ्टभोवती चरबीत भिजवलेली ग्लँड दोरी गुंडाळलेली असते, आणि शाफ्ट फिरताना तिला पाणीच थंड ठेवतं. धार मात्र नको. मेस्त्रींनी दोन्ही नट अगदी थोडे, आणि सारखेच, आवळले. मग घड्याळ धरून थेंब मोजले. शाफ्ट फिरताना मिनिटाला तीन-चार थेंब, थांबल्यावर शून्य. मला ग्लँडवर हात ठेवायला लावला: कोमट. जास्त आवळली असती तर ती हात ठेवता येणार नाही इतकी तापली असती आणि शाफ्टवर चरे पडले असते. दोरी जुनी आहे, आता फार आवळू नका, बदला, असं त्यांनी बजावलं. मजुरी त्यांनी इतकी कमी सांगितली की मित्राने ती ऐकली नाही आणि योग्य वाटली तेवढी दिली.

पुढचा टप्पा ज्यासाठी निघालो होतो तसा गेला. काशिदची पांढरी रेघ, नांदगावच्या सुपारीच्या बागा, मुरुडसमोर पाण्यात एकटा उभा असलेला पद्मदुर्ग. महाराजांनी तो सिद्दीच्या नाकासमोर बांधला, आणि समुद्रावरून येताना ही गोष्ट जशी कळते तशी किनाऱ्यावरून कळत नाही: पद्मदुर्ग आणि सिद्दीचा जंजिरा एकमेकांच्या अगदी नजरेत आहेत. वायव्येचा वारा पाठीशी होता. काटा ऐंशीवर, एक्झॉस्टमधून भसाभस पाणी. मी सवयीने मागे बघत होतो आणि नाखवा ते बघून मान हलवत होते. बिल्जचा पंप वाटेत एकदाही लागला नाही.

जंजिऱ्याला वळसा घालून राजपुरीच्या खाडीत बोट बांधली. मित्राने कॉक बंद केला आणि इंजिनाची किल्ली त्या कॉकच्या दांडीलाच अडकवून ठेवली, म्हणजे कॉककडे गेल्याशिवाय इंजिन सुरूच करता येऊ नये. ही युक्ती नाखवांची. ग्लँड दोरी बदलायला पुढच्या उधाणाला बोट कडेला घ्यायची ठरली, आणि त्या दिवशी रेवदंड्याच्या मेस्त्रींना आणायची जबाबदारी मी माझ्याकडे घेतली.