बसलं म्हणजे जमलं असं नाही!

मैत्रिणींनो, आमच्या शेंदूरजनाघाटला टॉर्चला 'बॅटरी' म्हणतात आणि तिच्यात घालतात ते 'सेल'. संत्र्याचा हा मुलूख. रात्री-अपरात्री बागेत जावं लागतं, त्यामुळे बॅटरीवाचून कुणाचं चालत नाही. म्हणूनच माझी फजिती तुम्हांला सांगून टाकते.

चार उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट. आंबिया बहाराची बारीक फळं झाडावर होती. अशा वेळी पाणी चुकलं की फळगळ ठरलेली! आणि मोटारीची लाइन नेमकी रात्रीची. हे रोज अकराला बॅटरी अन् काठी घेऊन निघायचे. बॅटरीला दोन पेन्सिल सेल लागत आणि आठवड्यात जोडी संपे. मी धाकट्याला म्हटलं, "चार्ज होणारेच आण रे, पैसे तरी वाचतील."

त्यानं लिथियमचे सेल आणले. घालून पाहिले, तर अगदी बरोबर बसले. झाकणही फिरलं. उजेड तर असा, की अंगणातला निंब शेंड्यापर्यंत दिसला! मला काय कौतुक वाटलं म्हणून सांगू!

हे परतले ते चांगलं उजाडल्यावर. म्हणाले, "चटका बसला हाताले, अन् भप्पकन गेली तुही बॅटरी." मोबाइल घरी चार्जिंगला. आमच्या विहिरीला कठडा नाही, आणि त्याच आठवड्यात बागेत घोणस निघालेली. माणूस रात्रभर धुऱ्यावर एका जागी बसून होता. माझ्या पोटात धस्स झालं.

चूक कुठे झाली? ती समजावली गावातल्या वायरमनभाऊंनी. साधा पेन्सिल सेल १.५ व्होल्टचा, म्हणजे दोघांचे मिळून ३. आमच्या नव्या सेलवर '१४५००' छापलं होतं. त्यातले १४ म्हणजे जाडी आणि ५० म्हणजे लांबी, मिलिमीटरमध्ये. मापानं पेन्सिल सेलचा जुळा भाऊच! पण तो ३.७ व्होल्टचा, आणि पूर्ण चार्ज झाला की ४.२. दोन घातल्यावर झाले ८.४! ठिबकच्या नळीला झेपेल त्याच्या जवळजवळ तिप्पट दाब दिला तर काय होईल? तेच आमच्या बॅटरीचं झालं.

तेव्हा सेल घेण्याआधी बॅटरी उघडून आत काय लिहिलंय ते वाचा. '१.५' असेल तर निकेलचे चार्ज होणारे सेल घ्या, ते १.२ व्होल्टचे असतात आणि बहुतेक ठिकाणी चालून जातात. लिथियमचेच हवे असतील, तर '१.५ व्होल्ट' असं स्पष्ट छापलेलेच घ्या. '१८६५०' लिहिलेल्या बॅटरीला तो जाड सेलच लागतो. त्यातही संरक्षणाची चकती लावलेला सेल दोन-चार मिलिमीटर लांब असतो, मग झाकण लागत नाही. दुकानात बॅटरी सोबत न्यावी हे बरं. आणि अशा सेलवर '९९००' असा आकडा दिसला तर भुलू नका. चांगल्या सेलचा आकडाही साधारण ३५०० च्या आसपासच असतो.

चार्जरही त्या-त्या जातीचाच हवा. लिथियमचा सेल निकेलच्या चार्जरला लावू नये. चार्जिंग डोळ्यांसमोर करावं. उशाशी किंवा शेगडीजवळ नको. सेल फुगला किंवा वरचं वेष्टन फाटलं, तर तो वापरातून काढा. मात्र कचऱ्याच्या डब्यात किंवा चुलीत टाकू नका. जुने सेल गोळा करणाऱ्याकडेच द्या.

ती जळलेली बॅटरी मी अजून खुंटीवर ठेवली आहे. धाकटा काही नवं आणून "आई, बसलं बघ!" म्हणाला, की सासूबाई तिच्याकडे बोट दाखवतात, "बसलं तं खरं रे बापू, पण जमलं काय ते पाय आधी!"

तुमच्या घरचं कुणी रात्री बाहेर पडत असेल, तर आजच त्यांची बॅटरी उघडून आतला आकडा वाचून ठेवा, बरं का!