डाव्या बाजूची खोली

"सूट किती मिळाली गो?" आईने विचारलं. ती पडवीत सुकलेली आमसुलं निवडत बसली होती आणि मी खळ्यात उभी राहून फोनवर मुंबईच्या एका ट्रॅव्हल एजंटशी बोलत होते. मालगुंडात आमच्या घरात रेंज येत नाही, खळ्यातल्या माडाखाली येते. माझ्या तोंडून चार-पाचदा 'सूट, सूट' ऐकून तिला वाटलं, पोरगी पैसे कमी करून घेतेय.

"पैशातली सूट नव्हे आई. बोटीवरची मोठी खोली, तिला सूट म्हणतात."

"म्हणजे महाग की स्वस्त?"

"महाग."

आईने आमसुलांवरची नजर उचलली नाही. पण तिचा प्रश्न अगदी बरोबर होता, हे मला पुढच्या दोन महिन्यांत कळलं. 'सूट' या शब्दाने नेमकं काय मिळतं, हे मलाच धड ठाऊक नव्हतं.

आईनानांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. नानांचं वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे दुखरे. विमानाची त्यांना हौस नाही. पण समुद्राचं वेड जन्माचं. दहा वर्षांचे असताना, 1956 साली, ते वडिलांबरोबर रत्नागिरीहून आगबोटीने मुंबईला गेले होते. बोट बंदराबाहेर खोल पाण्यात उभी राहायची, माणसं होडीने तिच्यापर्यंत जायची आणि हेलकावणाऱ्या होडीतून शिडीवर पाय टाकायचा. हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. रात्रभर डेकवर चटई, उशाला तांदळाचं बोचकं, अंगावर खारा वारा. वरच्या वर्गाच्या खोल्यांची गोल काचेची खिडकी त्यांनी बाहेरूनच पाहिली होती. ती आतून दाखवायची, एवढंच माझ्या मनात होतं.

मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या मोठ्या बोटी हल्ली पुन्हा दिसू लागल्या आहेत. 2018 च्या ऑक्टोबरात 'आंग्रिया' सुरू झाली, तेव्हा गावात तिची खूप चर्चा झाली होती. मग 2021 च्या सप्टेंबरपासून कॉर्डेलिया क्रूझेसची 'एम्प्रेस' मुंबईहून सुटू लागली. ही बोट 1990 साली फ्रान्समधल्या सेंट नझेर इथे बांधलेली. तेव्हा तिचं नाव 'नॉर्डिक एम्प्रेस' होतं. लांबी 211 मीटर, खोल्या आठशेच्या आसपास. मी शाळेत गणित शिकवते, पण आठशे खोल्यांतून आपली एक निवडायची कशी, याचा मला काही अंदाज येईना.

खोल्यांचे प्रकार सोपे आहेत. सगळ्यात स्वस्त ती आतली खोली, तिला खिडकीच नसते. मग खिडकीतून समुद्र दिसणारी. मग बाल्कनीची. आणि त्याच्या वर सूट. मी हॉटेलच्या हिशेबाने धरून चालले होते की सूट म्हणजे दोन खोल्या, मध्ये दार. आईनाना आत झोपतील, मी बाहेर. फोन ठेवता ठेवता सहज विचारलं, "मधलं दार लागतं ना नीट?" पलीकडून उत्तर आलं, "मॅडम, दार नाही. एकच मोठी खोली आहे. पलंग आणि सोफ्याच्या मध्ये पडदा."

त्या दिवशी मी वही काढली. बोटीच्या जगात 'सूट' या शब्दाला ठरलेलं माप नाही. कुठे 'मिनी सूट' म्हणजे बाल्कनीची जरा ऐसपैस खोली. कुठे सूट म्हणजे एकाच खोलीत पलंग, बैठक आणि बाल्कनी. जगातल्या बड्या बोटींवर सूट म्हणजे खरोखरचं दोन-तीन खोल्यांचं घर आणि दिमतीला माणूस. शब्द एकच, वस्तू निराळ्या. म्हणून नावावर न जाता चार गोष्टी विचारायच्या: क्षेत्रफळ किती, बाल्कनी धरून की सोडून, पलंग किती आणि मध्ये भिंत आहे की पडदा.

दुसरा घोळ पैशांचा. कागदावरचा आकडा पाहून मी म्हटलं, बरा आहे. तो माणशी होता, आणि तोही एका खोलीत दोघं धरून. एकटा माणूस गेला तर त्याला बहुधा जवळजवळ दोघांचं भाडं पडतं. तिसऱ्याचा दर सहसा कमी असतो. त्यावर बंदराचे आकार, जीएसटी, बोटीवरच्या नोकरवर्गासाठीची ठरावीक बक्षिसी. "सगळं आलं त्यात" असं मला फोनवर सांगितलं होतं. त्या 'सगळ्या'त जेवण होतं. शीतपेयं, वायफाय, गोव्यात उतरून करायची सहल यातलं काही नव्हतं. ज्याने सांगितलं त्याचं नाव घेण्यात अर्थ नाही. तोंडी शब्दावर विसंबले ही चूक माझी. नंतर मी प्रत्येक गोष्ट लिहून मागितली आणि अंतिम आकडा हातात आल्याशिवाय एक रुपया पाठवला नाही. रद्द केलं तर किती कापणार, तेही त्याच कागदावर मागून घेतलं. तारीख जवळ येते तशी ती कपात वाढत जाते.

तिसरी गोष्ट माझ्या कधीच लक्षात आली नसती. आमच्या वाडीतले एक काका आयुष्यभर मासेमारीला गेले. त्यांना मी बोटीचा नकाशा दाखवला. त्यांनी चष्मा लावला आणि विचारलं, "खोली कुठे, नाळेवर की मध्यात?" सूट नाळेकडे, अगदी वरच्या मजल्यावर होता. ते म्हणाले, "वहिनींना बोट लागते ना? मग तिथे नको. माडाचा शेंडा हलतो, बुंधा हलत नाय. होडीत पण नाळ वर-खाली होते, मधला माणूस स्वस्थ बसतो."

बोट कितीही मोठी असली तरी हा नियम तोच. पुढच्या आणि मागच्या टोकाला हेलकावा जास्त, मध्यावर आणि खालच्या मजल्यांवर कमी. महागडे सूट अनेकदा उंचावर असतात, कारण तिथून देखावा चांगला. म्हणजे ज्याला बोट लागते त्याला कधी कधी जास्त पैसे देऊन जास्त हेलकावे मिळतात. डोक्यावर पोहण्याचा तलाव किंवा पायाखाली नाचगाण्याचा हॉल असेल तर रात्रभर खुर्च्या सरकवल्याचा आवाज. खिडकीसमोर जीवरक्षक होड्या टांगलेल्या असतील तर समुद्राऐवजी होडीचं पोट दिसतं. हे सगळं नकाशात दिसतं, फक्त आपल्या खोलीच्या वरचा आणि खालचा मजलाही बघावा लागतो.

पण नकाशात बघायचा तर खोलीचा नंबर हवा. एजंट म्हणत होता, "प्रकार पक्का, नंबर नंतर मिळेल." अशा बुकिंगला भाडं जरा कमी पडतं. तरण्या माणसांना ते चालेल. मी नंबर आधीच मागितला आणि अंघोळीचंही विचारलं. काही सूटमध्ये टब असतो आणि त्याची कड ओलांडून आत जावं लागतं. लोकांना ती चैन वाटते, पण अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या गुडघ्यांना तो उंबरठाच. आम्हाला साधा शॉवर हवा होता आणि धरायला दांडी.

एवढं सगळं नानांना वाचून दाखवलं. ते झोपाळ्यावर बसून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "ते ठीक. पण आपला किनारा दिसेल काय गो?"

हा प्रश्न कुठल्याच माहितीपत्रकात नव्हता. मी पुन्हा वही उघडली. मुंबईहून दक्षिणेला निघालं की किनारा पूर्वेला, म्हणजे बोटीच्या डाव्या हाताला. परत येताना तोच उजव्या हाताला. बोट संध्याकाळी सुटते, म्हणजे आपल्या गावासमोरून जाईल ती मध्यरात्री. दिसलं तर दिवेच दिसणार. "दिवे तर दिवे," नाना म्हणाले. एजंटाने दिलेली खोली उजवीकडची होती. अजून वेळ होता म्हणून मधल्या मजल्यावरची, मध्याच्या जवळची, डाव्या बाजूची खोली बदलून मिळाली.

आईचं मात्र मन घेत नव्हतं. तिच्या माहेरी 'रामदास' बोटीचं नाव दबक्या आवाजातच घेतलं जायचं. 17 जुलै 1947, गटारी अमावास्येचा दिवस, भर पावसाळा. मुंबईहून रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसं बुडाली. कोकणातल्या कितीतरी घरांतून त्या दिवशी माणूस गेलं. "पावसात जायचं नाही," एवढी एकच अट तिने घातली. ती मान्य करणं सोपं होतं. आपल्याकडे दर्याचा पावसाळ्याशी करारच आहे. जून-जुलैत मासेमारीही बंद असते आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावर कोळी होड्या काढतात. आम्ही नोव्हेंबर धरला.

निघताना एक दिवस हाताशी ठेवला, कारण बोट कुणासाठी थांबत नाही. आरेवारेच्या रस्त्याने रत्नागिरी, तिथून मांडवी एक्स्प्रेसने रात्री सीएसएमटी. दुसऱ्या दिवशी दुपारी बॅलार्ड पिअरला. आधार कार्डावरचं नाव आणि तिकिटावरचं नाव अक्षरशः एकच हवं. आईच्या तिकिटावर मधलं नाव गळलं होतं, ते मी आधीच दुरुस्त करून घेतलं होतं. मोठ्या बॅगा धक्क्यावरच देऊन टाकायच्या असतात आणि त्या खोलीत पोचायला काही तास लागतात. म्हणून नानांची रक्तदाबाची गोळी, आईचं आलं-लिंबू आणि एकेक कपडा खांद्यावरच्या पिशवीत. सूटवाल्यांची रांग निराळी होती, खुर्चीवर बसायला मिळालं. मला विचाराल तर सूटच्या पैशांतला खरा मोबदला तोच होता, नानांना तासभर उभं राहावं लागलं नाही.

खोलीत गेल्यावर नानांनी सामानाकडे पाहिलं नाही, पलंगाकडेही नाही. सरळ बाल्कनीच्या जाड काचेच्या दाराशी गेले, हँडल दाबून बघितलं, दार जड होतं. मी लोटायला हात लावला तर म्हणाले, "थांब, मीच." दार सरकलं आणि बंदराचा वास आत आला, तेलाचा, खाऱ्या पाण्याचा, सुक्या मासळीचा. ते काही बोलले नाहीत. कठड्यावर दोन्ही हात ठेवून उभे राहिले.

थोड्या वेळाने भोंगा वाजला. सगळ्यांनी नेमून दिलेल्या जागी जमायचं, जीवरक्षक जाकीट कसं बांधायचं ते बघायचं. सूट असो की आतली खोली, यातून कुणाला सुटका नाही. 2012 साली इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' कलंडली तेव्हा काही प्रवाशांची ही तालीम व्हायचीच होती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि तालीम बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घेणं सक्तीचं झालं. आईने सगळं कान देऊन ऐकलं. आपली जमण्याची जागा कोणती, हे तिने मला रात्री दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा आधी स्वतःच बरोबर सांगितलं. मग तिने निवांत जेवण केलं. 'रामदास'चं भय गेलं असं मी म्हणणार नाही, पण काय करायचं ते तिला माहीत झालं होतं.

रात्री एकच्या सुमारास नानांनी मला उठवलं. फोनला रेंज नव्हती, पण नकाशा मी आधीच उतरवून घेतला होता. निळ्या पाण्यावरचा ठिपका जयगडच्या जवळ आला होता. आम्ही तिघं बाल्कनीत आलो. किनारा असा काही दिसत नव्हता, नुसता काळोख. मध्ये मच्छीमारांच्या होड्यांचे विखुरलेले दिवे. त्यांच्या मागे आभाळाला जयगडच्या वीज प्रकल्पाचा फिकट उजेड लागला होता. आणि त्याच्या जरा बाजूला एक बारीक उघडझाप.

"दीपगृह," नाना म्हणाले. ते प्रत्येक उघडीप मोजत होते. आईने पदर डोक्यावरून घेतला आणि बोटाने दाखवलं, "म्हणजे त्याच्या उजवीकडे आपलं घर."

गायवाडीच्या पुळणीवर बसून आम्ही लहानपणापासून समुद्रातून जाणाऱ्या बोटींचे दिवे बघत आलो. कोण असेल त्यात, कुठे जात असेल, असं आई आम्हाला विचारायची. त्या रात्री तिने तेच विचारलं, उलट्या बाजूने, "आपल्या पुळणीवर आत्ता कोण बसलं असेल का रे देवा?"

परतीच्या संध्याकाळी तीच बाल्कनी पश्चिमेला उघडली. समोर किनारा नव्हता, नुसता उघडा समुद्र आणि बुडता सूर्य. नाना आत पलंगावर पडून होते. म्हणाले, "तुम्ही बघा, मला माझं मिळालं."

गावात आल्यावर दोघी-तिघींनी विचारलं, सूट घ्यावा का? मी त्यांना वही देते. क्षेत्रफळ, पडदा की भिंत, माणशी दर, वरचा-खालचा मजला, अंघोळीची कड, खोलीचा नंबर. शेवटच्या पानावर नानांनी पेन्सिलीने स्वतः एक ओळ लिहिली आहे, ती मी आधी वाचायला सांगते: जाताना डावी बाजू मागा.