मशीनच्या रबरातली बुरशी



गेल्या भाद्रपदात दशलक्षण पर्वाच्या आदल्या दिवशी यांचं अभिषेकाचं धोतर आणि दुपट्टा मी वॉशिंग मशीनमधून काढला. सासूबाईंनी ते हातात घेऊन नाकाशी नेलं. बोलल्या काहीच नाहीत. बादली घेऊन पुन्हा हातानं धुवायला बसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आम्ही नेरूळला राहतो. खाडी जवळ, पावसाळ्यात भिंतीसुद्धा ओल धरतात. कपड्यांचा कुबट वास हवेमुळेच, असं मी धरून चालले होते. त्या दुपारी मशीनच्या दाराभोवतीचं रबर उलटून पाहिलं. घडीत काळी बुरशी, केसांचा गुंता आणि साचलेलं पाणी!

सांगलीकडे माझी आजी विहिरीचं पाणी दुहेरी कापडातून गाळायची आणि जिवाणी परत विहिरीत सोडायची. गाळलेल्या पाण्याची मर्यादा 48 मिनिटं, हे पाठशाळेत शिकलेली मी, स्वयंपाकघरात पाळतेही. आणि मशीनमध्ये मात्र पाणी दोन-दोन दिवस तसंच.

हात लावायचा धीर होईना. बुरशी म्हणजे अनंत जीव. पुसली तर ते जाणार, ठेवली तर रोज वाढणार. सासूबाई म्हणाल्या, "अगं, आज पूस. संसारात आरंभी हिंसा पूर्ण टळत नाही. पण पुन्हा उगवू न देणं आपल्या हातात आहे."

णमोकार म्हणत पुसलं. मशीन बंद करून, खाली ताट ठेवून फिल्टर उघडला, गाळ काढला. मग रिकामं मशीन गरम पाण्यावर चालवलं.

आता कपडे धुऊन झाले की लगेच काढते. रबराची घडी कोरड्या फडक्यानं पुसते. दार आणि पावडरचा कप्पा उघडा ठेवते. घरात लहान मूल असेल तर तेवढं लक्ष ठेवा. महिन्यातून एकदा फिल्टर साफ करते आणि रिकामं मशीन 60 अंशांवर चालवते. एक सांभाळा, ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र घालू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.

दुसरी चूक पावडरची होती. जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छ, असं वाटून मी दुप्पट माप घालायचे. न विरघळलेली पावडर आत थर धरते आणि त्यावरच घाण चिकटून बुरशी पोसते. उत्तम शौच धर्माच्या दिवशी प्रवचनात ऐकलं की शौच म्हणजे लोभाचा त्याग, तेव्हा मला माझं माप आठवलं.

अभिषेकाचे कपडे आता आम्ही हातानंच धुतो. पण रात्री मशीनचं दार उघडं आहे ना, हे सासूबाई स्वतः बघून येतात.

पर्व जवळ आलंय. आज एकदा रबर उलटून बघाल ना?