स्टॉल

ऑस्टिनमध्ये बार्बेक्यू म्हणजे निखाऱ्यांवरचे कबाब नव्हेत. इथं ब्रिस्केट, म्हणजे गोमांसाचा छातीकडचा 5-6 किलोचा तुकडा, मीठ-मिरी चोळून ओकच्या लाकडाच्या धुरात 12-14 तास ठेवतात. आईला फोनवर मी 'काहीतरी भाजतोय' एवढंच सांगतो.

मांस 65-70 अंश सेल्सिअसला पोचलं की काटा तासन्‌तास हलत नाही. याला 'स्टॉल' म्हणतात. वरचं पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणी गार होतं, तसंच. पुढे तापमान चढलं की चिवट कोलॅजेनचं जिलेटिन होतं. आच वाढवून घाई केली, तर मांस कोरडं पडतं.

एवढी रात्र एकट्यानं निघत नाही, म्हणून शनिवारी आम्ही सात-आठ जण जमतो. बहुतेक सगळे सॉफ्टवेअरवाले. त्यातल्या एकाची नोकरी गेली. एच-वन-बी व्हिसावर दुसरी शोधायला जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात. गेल्या शनिवारी त्याचे 19 उरले होते. कुणी विषय काढला नाही. पहाटे चारला तोच उठला, एक लाकूड आत सारलं आणि काट्याकडे बघत म्हणाला, "अजून 68च."

मी त्याच्या कपात चहा ओतला.