दोष बॅटरीचाच कशावरून?
गिरगाव चौपाटीवर राबणारा ट्रॅक्टर असो की परळच्या एखाद्या बागेतला छोटा, किल्ली फिरवल्यावर नुसता 'टक्' आवाज आला की पहिला संशय बॅटरीवर जातो. या किनाऱ्यावर तरी हा संशय मला उतावळा वाटतो. इथली खारी, दमट हवा आधी जोडण्या खाते. टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर चढतो, चासीला आवळलेल्या अर्थिंगच्या बोल्टखाली गंज धरतो. स्टार्टरने 200 अँपिअर ओढले आणि वाटेत ओहमच्या शंभराव्या भागाइतका रोध आला, तरी 2 व्होल्ट तिथेच संपतात. दिवा मात्र लख्ख लागतो, कारण त्याला लागणारा प्रवाह अगदी थोडा. फसगत होते ती इथेच.

बॅटरी जुनी असेल तर सरळ बदलावी, वेळ वाचतो, असं कुणी म्हणेल. जुनी बॅटरी दगा देतेच, हे खरं. पण गंजलेल्या जोडणीवर नवीही तशीच मेल्यासारखी वागेल. स्टार्टर फिरवताना मीटर लावावा: बॅटरीवर 10 आणि स्टार्टरवर 8 व्होल्ट दिसले, तर दोष वाटेतला. 'टक्'सुद्धा होत नसेल तर फ्यूज आणि क्लचजवळचा सुरक्षा-स्विच बघावा. घाईत स्क्रूड्रायव्हरने सोलेनॉइड जोडण्याची पद्धत मला अजिबात मान्य नाही. तो स्विच वगळला जातो आणि गिअरमध्ये असलेलं यंत्र समोरच्या माणसावर झेपावू शकतं.