मंडपेश्वर ते परळ

बोरीवलीकराला जुनं इंग्रजी 'कंट्री हाउस' पाहायचं तर विलायत गाठायची गरज नाही. चर्चगेटची धीमी लोकल पकडून प्रभादेवीला उतरावं आणि पूर्वेकडे परळला हाफकिन संस्थेपर्यंत चालत जावं. मी निघण्याआधी बोरीवलीतलंच मंडपेश्वरचं लेणं पाहून घेतलं, कारण परळच्या वास्तूचा अर्थ त्याच्या शेजारी ठेवल्यावरच लागतो. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी या शैव लेण्याचं चर्च केलं आणि माथ्यावर मठ बांधला. नटराजाचा शिल्पपट अजून ओळखू येतो. एका भिंतीवर मात्र मूळ शिल्प तासून कोरलेला भलामोठा क्रूस आहे. 1739 पर्यंत हा साष्टीचा मुलूख मराठ्यांकडे आला, पाद्री गेले, आणि आज मठाच्या उघड्या भिंती तेवढ्या उरल्या आहेत.

परळची इमारतही मुळात पाद्र्यांचीच, जेझुइटांची. ती इंग्रजांच्या हाती गेली आणि 1771 मध्ये गव्हर्नर झालेल्या विल्यम हॉर्नबीने तिथे बिऱ्हाड हलवलं. तेव्हा परळ शहराबाहेर होतं. प्रार्थनागृहाचं भोजनगृह झालं, त्यावर लांबलचक नृत्यदालन चढलं. पुढे भोवती गिरण्या आल्या. 1882 मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी इथेच पटकीने वारल्या आणि गव्हर्नरांनी मलबार हिल धरली. प्लेगच्या साथीत इथे रुग्णालय होतं, 1899 मध्ये वाल्डेमार हाफकिन यांची प्रयोगशाळा आली. मग हिला इंग्रजी घर तरी का म्हणावं? कारण खुद्द इंग्लंडातली कित्येक घरं अशीच घडली. आठव्या हेन्रीने 1536 ते 1540 दरम्यान मठ बरखास्त केले. लेकॉकच्या मठात नव्या मालकाने चर्च पाडलं, पण मठाच्या कमानदार ओवऱ्या घरात सामावून घेतल्या. त्या आजही उभ्या आहेत.

यावर कोणी म्हणेल, ही बळकावणूक आहे, तिला जतन कसलं म्हणायचं? आक्षेप खरा आहे. मंडपेश्वरचा क्रूस त्याचाच पुरावा. पण बळकावणाऱ्याचा हेतू वेगळा आणि वास्तूचं पुढे काय होतं हे वेगळं. मंडपेश्वरचं लेणं कातळ असल्यामुळे ओस पडूनही तगलं. चुना-लाकडाच्या बांधकामाला मुंबईच्या पावसात ते जमत नाही. दरवर्षी गळती काढणारं कोणीतरी आत लागतं. परळला आधी गव्हर्नर होते, मग शास्त्रज्ञ आले; मंडपेश्वरच्या मठाला कोणीच उरलं नाही. म्हणून जुनी इमारत 'मूळ रूपात' आणायच्या हट्टापेक्षा तिला चालू काम मिळवून देणं आणि आधीच्या खुणा न तासणं, या दोन अटी मला जास्त महत्त्वाच्या वाटतात. एकच पाळली तर मंडपेश्वरची एक ना एक गत ठरलेली.